हॅरी राइट आणि सिनसिनाटीचा पगारी संघ : एक प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर १८७० मध्ये सिनसिनाटी बेसबॉल क्लबच्या संचालकांनी पुढच्या हंगामासाठी पगारी संघ ठेवायचा नाही असे जाहीर केले, तेव्हा तो संघ अमेरिकेतील सर्वांत नावाजलेला संघ होता. आधीच्या वर्षी त्याने एकही सामना गमावला नव्हता आणि त्या वर्षी सत्तराहून अधिक सामन्यांत त्याचे पराभव अवघे सहा होते. मैदानावर असे यश मिळवणारा संघ दोनच हंगामांत का मोडला, आणि त्याचा व्यवस्थापक हॅरी राइट त्या मोडतोडीतून काय शिकून पुढे गेला, हा या अभ्यासाचा विषय आहे.

राइट यांची ओळख सहसा विजयांच्या आकड्यांनी करून दिली जाते. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व वेगळे आहे. खेळाडूला चोरून नव्हे तर उघडपणे पगार द्यायचा, आणि त्या पगाराच्या बदल्यात त्याच्याकडून सराव, शिस्त आणि प्रामाणिक खेळ मागायचा, या व्यवहाराला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. सिनसिनाटीत या व्यवहाराची एकच बाजू त्यांच्या हातात होती. दुसरी बाजू, म्हणजे पगार भागेल अशा नियमित उत्पन्नाची सोय, तिथे उभी राहिलीच नाही, आणि या प्रकरणाचा उलगडा तिथेच होतो.

क्रिकेटच्या घरातून आलेला माणूस

हॅरी राइट यांचा जन्म १० जानेवारी १८३५ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. वडील सॅम्युअल राइट क्रिकेटपटू होते. हॅरी तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेला गेले आणि सॅम्युअल यांना न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये व्यावसायिक म्हणून नोकरी मिळाली. इंग्रजी क्रिकेटमधल्या ‘व्यावसायिका’चे काम काय असे, हे इथे नीट लक्षात घेतले पाहिजे. मैदान आणि खेळपट्टी राखणे, सभासदांना सराव देणे, त्यांना चेंडू टाकणे आणि महत्त्वाच्या सामन्यात क्लबकडून खेळणे या सगळ्यासाठी त्याला ठरलेला पगार मिळे. सभासदांच्या तुलनेत त्याचा सामाजिक दर्जा खालचा असे, पण पगार घेण्यात लपवण्यासारखे काही नसे. खेळ हे एक कसब आहे, ते शिकवता येते आणि त्याचा योग्य मोबदला घेता येतो, ही समजूत हॅरी यांना घरातच मिळाली.

शाळा लवकर सोडून त्यांनी दागिने घडवण्याच्या धंद्यात उमेदवारी केली. पुढे वडिलांच्या जोडीने तेही सेंट जॉर्ज क्लबमध्ये क्रिकेट खेळू लागले. न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडे होबोकेनच्या मैदानांवर बेसबॉलही खेळला जाई. तिथेच निकरबॉकर या जुन्या आणि मानाच्या क्लबशी त्यांचा संबंध आला आणि १८५८ च्या सुमारास ते त्या क्लबकडून खेळू लागले. निकरबॉकरचे सभासद सुखवस्तू घरांतले होते आणि त्यांच्या लेखी बेसबॉल हा कामानंतरचा विरंगुळा होता. राइट दोन्ही जगांत वावरले. एका जगात खेळ हा पेशा होता, तर दुसऱ्यात पेशा म्हणून खेळणे कमीपणाचे मानले जाई.

१८६५ मध्ये ते ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात आले, तेही बेसबॉलसाठी नव्हे. तिथल्या युनियन क्रिकेट क्लबने त्यांना वर्षाला १,२०० डॉलर पगारावर व्यावसायिक म्हणून बोलावले होते. यादवी युद्ध नुकतेच संपले होते आणि बेसबॉलचा प्रसार झपाट्याने होत होता. १८६६ मध्ये शहरातील काही तरुण वकील आणि व्यापाऱ्यांनी सिनसिनाटी बेसबॉल क्लब स्थापन केला. ॲरन चॅम्पियन हे वकील पुढे त्याचे अध्यक्ष झाले. क्लब क्रिकेटच्याच मैदानावर खेळू लागला, आणि लवकरच त्याने राइट यांना तेवढ्याच पगारावर आपल्याकडे घेतले. क्रिकेटचा व्यावसायिक असा बेसबॉलचा व्यावसायिक झाला. ही बदली कागदावर साधी दिसते, पण त्यामुळे ‘मैदानावरच्या खेळाची जबाबदारी असलेला पगारी माणूस’ ही क्रिकेटमधली जागा बेसबॉलमध्ये आली.

चोरून दिला जाणारा पगार

१८६९ च्या आधी बेसबॉलमध्ये पैसे घेऊन खेळणारे नव्हते असे नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने खेळाडूंना मोबदला देण्यावर बंदी घातली होती, आणि ती बंदी सर्रास मोडली जात होती. चांगल्या पिचरला, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याला, हळूच पाकीट दिले जाई, कुणाला सभासदाच्या दुकानात नावापुरती नोकरी मिळे. हॅरी यांचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ जॉर्ज, जो त्या काळातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) मानला जाई, तो १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल क्लबकडून खेळत होता. त्या क्लबचे खेळाडू सरकारी कारकून म्हणून दाखवले जात. जॉर्जच्या नावापुढे कामाच्या ठिकाणाचा जो पत्ता दिला होता, तिथे प्रत्यक्षात एक सार्वजनिक बाग होती.

या लपवाछपवीचे दुष्परिणाम पैशापुरते नव्हते. करार उघड नसल्यामुळे खेळाडू मध्यावरच दुसऱ्या क्लबकडे निघून जात आणि त्यांना जाब विचारण्याची सोय नसे. सराव चुकवणाऱ्याला दंड कसा करणार, जर तो कागदावर हौशी असेल? सट्टेबाजांनी एखाद्याला विकत घेतले, तर तक्रार करणाऱ्या क्लबचेच बिंग फुटण्याची भीती. खोट्या हौशीपणाचा पहिला बळी शिस्त हाच होता, असे माझे ठाम मत आहे. १८६८ च्या डिसेंबरमध्ये संघटनेने अखेर व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली, ती नाइलाजाने दिली.

याच संघटनेने त्याच्या एक वर्ष आधी, १८६७ च्या डिसेंबरमध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना सभासदत्व नाकारले होते. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या पिथियन या कृष्णवर्णीयांच्या क्लबला पेनसिल्व्हेनियाच्या राज्य संघटनेतही प्रवेश मिळाला नव्हता. म्हणून १८६९ मध्ये ‘उघड’ झालेला पेशा सर्वांसाठी उघडा नव्हता. राइट यांच्या संघाबद्दल बोलताना ही मर्यादा नजरेआड करता येत नाही.

सिनसिनाटीला ईर्ष्या चढली तिचे कारण एक पराभव होता. जुलै १८६७ मध्ये वॉशिंग्टनचा तोच नॅशनल क्लब दौऱ्यावर आला आणि त्याने सिनसिनाटीला ५३-१० असे हरवले. पूर्वेकडच्या शहरांनी आपल्याला गावठी समजावे हे चॅम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहन होणारे नव्हते. १८६८ मध्ये काही पगारी खेळाडू आले, आणि १८६९ साठी सगळाच संघ पगारी ठेवण्याचे ठरले.

दहा माणसे आणि ९,३०० डॉलर

संघात दहा जण होते. हंगाम १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा. जॉर्ज राइटला १,४०० डॉलर, स्वतः हॅरी यांना १,२००, पिचर एसा ब्रेनार्डला १,१००, तिसऱ्या बेसवरच्या फ्रेड वॉटरमनला १,०००, आणि चार्ली गुल्ड, चार्ली स्वीझी, डग ॲलिसन, अँडी लिओनार्ड व कॅल मॅकव्ही यांना प्रत्येकी ८००. राखीव खेळाडू डिक हर्लीला ६००. एकूण बेरीज ९,३०० डॉलर. कर्णधार आणि व्यवस्थापक असलेल्या थोरल्या भावापेक्षा धाकट्याचा पगार जास्त होता, आणि हा आकडा राइट यांच्या स्वभावाबद्दल बरेच काही सांगतो. मोबदला कौशल्यानुसार ठरला होता, मानानुसार नाही. या दहा जणांत सिनसिनाटीचा रहिवासी म्हणावा असा एकटा गुल्ड होता. बाकीचे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, इंडियानापोलिस अशा ठिकाणांहून आणलेले होते. शहराच्या नावाने खेळणारा संघ शहराबाहेरच्या माणसांचा असू शकतो, ही आज आपल्याला सवयीची झालेली गोष्ट त्या वेळी नवीन होती आणि काहींना ती खटकलीही.

संघाची ओळख त्याच्या गणवेशामुळेही पक्की झाली. लांब विजारीऐवजी गुडघ्यापर्यंतची तुमान आणि खाली उठून दिसणारे लाल मोजे. ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नाव त्यातूनच पडले.

राइट यांचे व्यवस्थापन प्रत्यक्षात कसे चाले, हा या प्रकरणाचा गाभा आहे. त्या काळचा खेळ डोळ्यांसमोर आणायचा तर हातात मोजे नाहीत, चेंडू खांद्याखालून टाकायचा आणि पिचर फलंदाजापासून अवघ्या ४५ फुटांवर, असे चित्र धरावे लागते. एका बाजूच्या तीस-चाळीस धावा ही रोजची गोष्ट होती, आणि त्यातल्या पुष्कळशा धावा फलंदाजाच्या कर्तबगारीपेक्षा क्षेत्ररक्षणातल्या गोंधळातून मिळत. राइट यांनी नेमके हे हेरले. त्यांनी सामन्याआधी ठरलेल्या क्रमाने सराव घेतला. फेक चुकली तर मागे कोणी उभे राहायचे, कोणत्या फलंदाजासाठी कोणी किती सरकायचे, दोघांच्या मधला उंच झेल कोणी घ्यायचा, हे आधी ठरवले. ते स्वतः सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, उभे राहत. तिथून सगळे मैदान समोर दिसते, आणि तिथूनच ते नाव घेऊन हाक देत. ब्रेनार्डचा वेगवान चेंडू फलंदाजांच्या अंगवळणी पडला की ते स्वतः चेंडू हातात घेत आणि अतिशय संथ, फसवे चेंडू टाकत. वेग बदलून फलंदाजाचा अंदाज चुकवणे हे क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला वेगळे शिकावे लागले नसणार.

त्यांच्या वागण्यातही सातत्य होते. ते मद्य आणि सट्टा यांपासून दूर राहत, रविवारी खेळत नसत, पंचाशी हुज्जत घालत नसत, आणि खेळाडूंकडूनही तशीच अपेक्षा धरत. ती अपेक्षा नेहमी पुरी झाली नाही. ब्रेनार्ड गुणी होता तितकाच लहरी होता, आणि स्वीझीचा स्वभाव तापट होता. पण करार लेखी असल्यामुळे राइट यांच्याकडे केवळ उपदेश नव्हता, अधिकारही होता. त्यांनी तो आरडाओरडा न करता वापरला, याविषयी त्यांच्या समकालीनांत फारसे दुमत दिसत नाही.

जूनमध्ये संघ पूर्वेच्या दौऱ्यावर गेला. १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबविरुद्धचा सामना ४-२ असा संपला. त्या काळात इतक्या कमी धावांचा सामना जवळजवळ अशक्य समजला जाई, आणि दोन्ही बाजूंचे क्षेत्ररक्षण किती उंचीचे होते हे त्यावरून कळते. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनच्या अटलांटिक क्लबवर ३२-१० असा विजय मिळाला. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी संघाची भेट घेतली. जुलैच्या पहिल्या तारखेला खेळाडू परतले तेव्हा शहराने त्यांची मिरवणूक काढली. त्याच वर्षी १० मे रोजी अमेरिका आरपार जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला होता. त्याचा उपयोग करून सप्टेंबरमध्ये संघ थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला. रेल्वे नसती तर एका शहरात पगारी संघ बाळगणे परवडलेच नसते, कारण त्याला पुरेसे प्रतिस्पर्धी आसपास नव्हते.

वर्षअखेर संघटनेच्या सभासद क्लबांविरुद्धच्या ५७ सामन्यांत एकही पराभव नव्हता. एक डाग मात्र वादग्रस्त राहिला. २६ ऑगस्टला ट्रॉय शहराच्या हेमेकर्स संघाने १७-१७ अशा बरोबरीत असताना पंचाच्या एका निर्णयावरून मैदान सोडले. पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. सामन्यावर मोठ्या रकमा लागल्या होत्या आणि पैज बुडू नये म्हणून हा बनाव घडवला, अशी चर्चा त्या वेळी झाली. लेखी करार आणि शिस्त आपल्या संघाला सट्ट्यापासून वाचवू शकतात, समोरच्या संघाला नाही, हा धडा त्यात होता.

आता जमाखर्च पाहू. हंगामाचे उत्पन्न २९,७२६ डॉलर २६ सेंट होते आणि खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. एकही सामना न हरता, बारा हजार मैलांच्या आसपास प्रवास करून, देशभर गर्दी खेचून हाती आले ते इतकेच. मला या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच वाटतो, कारण यापेक्षा चांगली कामगिरी शक्यच नव्हती आणि तिचे फळ मात्र जेमतेम हातातोंडाची गाठ पडण्याइतके होते.

१४ जून १८७०, ब्रुकलिन

दुसऱ्या वर्षीही विजय चालू राहिले. जूनच्या मध्यावर संघ पुन्हा ब्रुकलिनला आला, कॅपिटोलाइन मैदानावर अटलांटिक क्लबशी खेळायला. हजारो प्रेक्षक पन्नास सेंटचे तिकीट काढून आले होते आणि बाहेर त्याहून अधिक लोक कुंपणाच्या फटींतून पाहत होते. नऊ डावांनंतर धावसंख्या ५-५ अशी बरोबरीत होती. अटलांटिकचे खेळाडू या निकालावर समाधानी होते. अजिंक्य संघाला रोखल्याचा मान त्यांना मिळाला होता आणि ते मैदानाबाहेर निघालेही होते.

बरोबरी मान्य केली असती तर सिनसिनाटीची अपराजित मालिका अबाधित राहिली असती. राइट यांनी ती मान्य केली नाही. नियमानुसार दोन्ही कर्णधारांची संमती असल्याशिवाय सामना बरोबरीत सोडता येत नव्हता, आणि उपस्थित असलेले हेन्री चॅडविक, जे नियमांचे जाणकार आणि नावाजलेले क्रीडा पत्रकार होते, त्यांनीही तोच अर्थ लावला. खेळ पुढे सुरू झाला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढून ७-५ अशी आघाडी घेतली. मग अटलांटिकच्या डावात त्यांचा फलंदाज जो स्टार्ट याने मारलेला चेंडू गर्दीत गेला आणि तो उचलताना मॅकव्हीला प्रेक्षकांचा अडथळा झाला. अटलांटिकचा कर्णधार बॉब फर्ग्युसन उजव्या हाताने खेळणारा होता, पण जॉर्ज राइटच्या दिशेला चेंडू जाऊ नये म्हणून तो डाव्या हाताने उभा राहिला आणि त्याचा फटका यशस्वी झाला. त्यानंतर क्षेत्ररक्षणातल्या चुकीवर विजयी धाव आली. ज्या कसबावर संघाने नाव मिळवले होते, त्याच कसबात अखेरच्या क्षणी चूक झाली. निकाल ८-७.

राइट यांचा निर्णय चुकला का, असा प्रश्न या सामन्याबद्दल नेहमी विचारला जातो. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर मालिका वाचवणे शहाणपणाचे होते. ‘अजिंक्य’ हा शब्दच तिकिटे विकत होता. पण पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला सामन्याचा निकाल मिळाला पाहिजे, सोयीनुसार थांबणारा खेळ हा सट्टेबाजांना आयते आमंत्रण देतो, आणि ट्रॉयने आदल्या वर्षी जे केले त्याचा आपण निषेध केला होता, हे सगळे लक्षात घेता राइट यांच्यापुढे दुसरा सुसंगत मार्ग नव्हता. पगारी खेळाची प्रतिष्ठा हाच त्यांचा मुख्य मुद्दा असेल, तर त्याची किंमत मोजण्याचा प्रसंग हाच होता. मी त्यांचा निर्णय बरोबर मानतो, आणि तो पराभव झाला म्हणून कमी बरोबर ठरतो असे मला वाटत नाही.

संघ मोडला तो कशामुळे

त्या एका पराभवाने संघ संपला, ही सोपी आणि लोकप्रिय मांडणी अपुरी आहे. गर्दी ओसरली हे खरे. पुढे आणखी पाच पराभव झाले हेही खरे. पण मूळ अडचण रचनेची होती. सामन्यांचे ठरलेले वेळापत्रक नव्हते. प्रत्येक सामना पत्रव्यवहाराने जुळवावा लागे आणि प्रवासाचा खर्च अंगावर घ्यावा लागे. सिनसिनाटीच्या तोडीचे संघ बहुतेक पूर्वेला, दूर अंतरावर होते. घरच्या मैदानावर येणारे दुबळे संघ प्रेक्षकांना खेचू शकत नव्हते, कारण निकाल आधीच माहीत असे. अजेयपणाचे कौतुक जोवर टिकले तोवर तेच आकर्षण होते. ते गेल्यावर प्रेक्षकाने पुन्हा यावे असे दुसरे काही, म्हणजे विजेतेपदाची शर्यत, समोर नव्हते.

दरम्यान खेळाडूंचा भाव वाढला. इतर शहरांनीही पगारी संघ उभे करायला सुरुवात केली होती आणि सिनसिनाटीचे खेळाडू त्यांना हवे होते. चॅम्पियन यांनी उन्हाळ्यात अध्यक्षपद सोडले, आणि त्यांच्या जागी आलेल्या मंडळींना वाढलेले पगार द्यायची इच्छाही नव्हती आणि ऐपतही नव्हती. क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि शहराभिमानावर उभा होता. अभिमान हा भांडवल म्हणून एक-दोन वर्षे पुरतो.

यात राइट यांचा दोष किती? त्यांनी संघ उत्तम घडवला, पण स्पर्धा घडवणे त्यांच्या हातात नव्हते. एकटा संघ व्यवस्थित चालवून भागत नाही, त्याला तोलामोलाचे आणि तितकेच व्यवस्थित चालवलेले प्रतिस्पर्धी लागतात, ही जाणीव त्यांना याच वर्षी झाली असावी, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून वाटते.

बॉस्टन : तीच माणसे, वेगळी चौकट

बॉस्टनच्या आयव्हर्स ॲडम्स या व्यावसायिकाने राइट बंधूंशी संपर्क साधला आणि २० जानेवारी १८७१ रोजी १५,००० डॉलरच्या भांडवलावर नवा क्लब स्थापन झाला. राइट यांच्यासोबत जॉर्ज, गुल्ड आणि मॅकव्ही आले. लाल मोजे आणि नावही आले. रॉकफर्डहून अल स्पाल्डिंग हा तरुण पिचर आणि रॉस बार्न्स यांना त्यांनी आणले. मार्चमध्ये न्यूयॉर्कला व्यावसायिक क्लबांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि विजेतेपदासाठी खेळण्याची पद्धत सुरू झाली. सिनसिनाटीला जे मिळाले नव्हते, ते निदान आराखड्याच्या रूपात मिळाले.

पहिल्या वर्षी जॉर्जच्या पायाला दुखापत झाली आणि विजेतेपद फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक क्लबला गेले. त्यानंतर १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे ते बॉस्टनकडे राहिले. शेवटच्या वर्षी संघाने ७१ सामने जिंकले आणि ८ गमावले.

या वर्षांतले राइट हे केवळ कर्णधार नव्हते. सामने ठरवणे, प्रवासाची आणि मुक्कामाची सोय करणे, तिकिटांचा हिशेब, साहित्याची खरेदी, खेळाडूंशी करार, दुसऱ्या क्लबांशी रोजचा पत्रव्यवहार हे सगळे त्यांच्याकडे होते. त्यांची पत्रे आणि वह्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत, आणि आज जे काम पाच-सहा खात्यांत विभागलेले असते ते एका माणसाच्या हस्ताक्षरात तिथे दिसते. तिकीट पन्नास सेंटच असावे यावर ते ठाम राहिले. पंचवीस सेंटला गर्दी जास्त होईल असे इतर म्हणत. राइट यांचे म्हणणे असे की चांगला खेळ पन्नास सेंटच्या लायकीचा असतो आणि वाईट खेळ पंचवीसलाही महाग पडतो. सिनसिनाटीचा १ डॉलर ३९ सेंटांचा हिशेब ज्याने अनुभवला होता, त्याने किमतीबद्दल आग्रही असणे स्वाभाविक आहे.

बॉस्टनही संकटांतून सुटले नाही. नोव्हेंबर १८७२ मध्ये शहराचा मोठा भाग आगीत जळाला, क्लबच्या पाठीराख्यांचे व्यवसाय बुडाले, आणि खेळाडूंचे पगार थकले. त्या हिवाळ्यात सिनसिनाटीची पुनरावृत्ती होऊ शकली असती. ती झाली नाही, कारण इथे भागधारकांना पुढच्या हंगामाची खात्री होती. पुन्हा विजेतेपदाची शर्यत असणार होती आणि पुन्हा तेच नामांकित संघ येणार होते.

१८७४ च्या उन्हाळ्यात राइट यांनी बॉस्टन आणि ॲथलेटिक हे दोन संघ इंग्लंड आणि आयर्लंडला नेले. तिथे बेसबॉलचे प्रदर्शनी सामने झाले आणि सोबत क्रिकेटही खेळले गेले. क्रिकेटमध्ये अमेरिकी बाजूला बहुधा अठरा खेळाडूंची मुभा होती आणि ती एकही सामना हरली नाही. इंग्रज प्रेक्षकांना बेसबॉलची गोडी लागली नाही आणि दौरा तोट्यात गेला. राइट यांच्या हिशेबी स्वभावाला न शोभणारा हा उपक्रम होता. तरी बापाच्या देशात, बापाच्या खेळासोबत, आपला खेळ नेऊन दाखवण्याची त्यांची इच्छा मला समजण्यासारखी वाटते.

यशाने एक जुनीच अडचण पुन्हा उभी केली. १८७५ मध्ये तेरा क्लबांनी हंगाम सुरू केला आणि सातांनीच तो पुरा केला. बॉस्टन इतका वरचढ होता की शर्यत उरलीच नाही. म्हणजे जी गोष्ट १८७० मध्ये सिनसिनाटीला नडली, तीच आता सबंध संघटनेला नडत होती. शिकागोचे विल्यम हल्बर्ट यांनी स्पाल्डिंग, बार्न्स, मॅकव्ही आणि डिकन व्हाइट या चौघांना हंगाम चालू असतानाच पुढच्या वर्षासाठी आपल्याकडे वळवले आणि फेब्रुवारी १८७६ मध्ये नॅशनल लीग ही क्लबांची नवी संघटना स्थापन केली. पन्नास सेंटचे तिकीट, रविवारी खेळ नाही, सट्ट्याला थारा नाही, ठरलेले सामने पुरे करण्याची सक्ती. राइट ज्या गोष्टींसाठी दहा वर्षे धडपडत होते, त्यातल्या बऱ्याच आता नियम म्हणून आल्या, आणि त्या आणणाऱ्याने त्यांचाच संघ फोडला होता.

चार मुख्य खेळाडू गेल्यानंतरही राइट यांनी १८७७ आणि १८७८ ची विजेतेपदे मिळवली. १८७७ च्या यशाला एक पुस्ती जोडणे भाग आहे. त्या वर्षी आघाडीवर असलेला लुइव्हिल संघ अखेरच्या टप्प्यात घसरला आणि त्याच्या चार खेळाडूंना सामने विकल्याबद्दल कायमचे बाद केले गेले. १८७९ मध्ये बॉस्टनला मागे टाकून विजेता ठरला तो प्रॉव्हिडन्स, आणि त्याचा व्यवस्थापक होता जॉर्ज राइट.

अधिकार सरकतो

१८७९ च्या शरद ऋतूत नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक क्लबला पाच खेळाडू राखून ठेवण्याचा हक्क दिला. त्या खेळाडूंशी दुसरा क्लब करार करू शकत नव्हता. ही तरतूद पुढे वाढत गेली. १८६९ च्या करारात खेळाडू आणि क्लब दोघेही ठरलेल्या मुदतीपुरते बांधलेले होते. आता क्लब मोकळा आणि खेळाडू बांधलेला अशी स्थिती झाली. चोरटा पगार संपवणाऱ्या उघड करारातून शेवटी मालकाची पकड घट्ट झाली, हे राइट यांच्या वारशातले अवघड वास्तव आहे. त्यांनी ते घडवले असे म्हणता येणार नाही, पण ज्या व्यवस्थेत ते घडले तिचा पाया त्यांनीच घातला होता.

व्यवस्थापकाचे कामही आक्रसले. निधी, करार आणि भरती हे निर्णय मालकांकडे गेले. बॉस्टनने १८८१ नंतर राइट यांना सोडले. दोन वर्षे ते प्रॉव्हिडन्सला होते, आणि १८८४ पासून १८९३ पर्यंत फिलाडेल्फियाला. तिथे त्यांनी एका दुबळ्या संघाला सावरून १८८७ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले, पण विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. १८९० मध्ये डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी काही महिने पूर्ण गेली होती. ती परतल्यावर ते पुन्हा बाकावर येऊन बसले. १८९३ नंतर करार वाढवला गेला नाही. लीगने त्यांना पंचांचे प्रमुख नेमले. ज्या माणसाने आयुष्यभर पंचाशी वाद घातला नाही, त्याच्यासाठी ही नेमणूक योग्यच होती.

३ ऑक्टोबर १८९५ रोजी अटलांटिक सिटी येथे फुप्फुसाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर व्यवस्थापक म्हणून १,२२५ विजय आहेत. पुढच्या वर्षी १३ एप्रिलला वेगवेगळ्या शहरांत त्यांच्या स्मारकाच्या निधीसाठी सामने खेळवले गेले आणि त्यातून फिलाडेल्फियाजवळच्या त्यांच्या दफनस्थळी पुतळा उभा राहिला. बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये जॉर्जचा समावेश १९३७ मध्ये झाला, हॅरी यांचा १९५३ मध्ये. बॉस्टनमध्ये त्यांनी उभा केलेला क्लब पुढे मिलवॉकीला आणि तिथून अटलांटाला गेला, आणि आज ब्रेव्ह्ज या नावाने खेळतो. १८७१ पासून दरवर्षी न चुकता मैदानात उतरलेला तो एकमेव अमेरिकी व्यावसायिक बेसबॉल क्लब आहे.